पडद्यावरील चेहरा कितपत आपला?

आम्ही सेमिनरीत शिकत असता नीतिशास्त्राच्या तासाला विवेकाचे प्रश्न सोडविण्याची प्रथा होती. महागाईने गांजलेल्या गावी धान्य घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्यास ठाऊक आहे की, आपल्या मागून आणखी धान्य येत आहे. ही गोष्ट त्याने गिऱ्हाइकास सांगावी की न सांगावी? असले ते प्रश्न. त्यांच्या यादीत पुढील प्रश्न अर्थातच नव्हता: दूरच्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोलण्यापूर्वी आपले चित्र तपासून पाहणे आणि ते सुधारणे ही सभ्यता म्हणावी, दंभ म्हणावा, की असत्य? वाचकांस हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि २०२० सालच्या टाळेबंदीपासून आपल्या जीवनातील किती गोष्टी त्या हातभर चौकटीतून पार पडू लागल्या, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचा क्षुल्लकपणा उरत नाही. नोकरीची मुलाखत, शाळेचा वर्ग, डॉक्टरांचा सल्ला, न्यायालयातील साक्ष, वधूवरांची पहिली भेट आणि त्या वर्षी तर कित्येक घरांतून आप्तांचे अंत्यदर्शनसुद्धा, हे सारे कॅमेऱ्याच्या एका डोळ्यावर सोपविण्यात आले.

या कॅमेऱ्याचा जन्म मोठ्या निरुपद्रवी कामासाठी झाला होता. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठातील संगणकतज्ज्ञांनी कॉफीच्या एका भांड्यावर कॅमेरा रोखून ठेवला. जिने चढउतार न करता भांड्यात कॉफी शिल्लक आहे की नाही हे जागेवर बसून कळावे, एवढाच हेतू. चित्र करड्या रंगाचे, आडवे-उभे १२८ ठिपक्यांचे. १९९३ साली ते महाजालावर सर्वांसाठी खुले झाले आणि २००१ साली तो कॅमेरा बंद करण्यात आला. आपण कसे दिसतो याची चिंता त्या भांड्याने कधी केली नाही. चिंता सुरू झाली ती भांड्याच्या जागी माणूस येऊन बसला तेव्हा.

पुष्कळ सरळमार्गी माणसे असे मानतात की, कॅमेरा जे दाखवितो ते सत्य, आणि त्यात हात घातला की खोटेपणा सुरू झाला. हा समज आम्हांस मुळातच चुकीचा वाटतो, आणि त्याचे कारण भवानी पेठेतील जुन्या मागवाल्यांना समजावून सांगणे मुळीच अवघड जात नाही. सोलापुरी चादरीवर मोर उमटण्यापूर्वी तो आधी चौकटींच्या कागदावर उतरावा लागतो. एक चौकट म्हणजे ताण्याचा आणि बाण्याचा एक छेद. त्या चौकटींबरहुकूम जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोके पाडली जातात आणि मग मागावर मोर विणला जातो. चौकटी मोजक्या असल्या की मोराची मान पायरी-पायरीची होते. दाट असल्या की तिला बाक येतो. कॅमेऱ्याचे चित्र याहून निराळे नाही. साध्या कॅमेऱ्यात आडव्या १,२८० आणि उभ्या ७२० चौकटी असतात, बऱ्या कॅमेऱ्यात १,९२० आणि १,०८०, म्हणजे वीस लाखांहून थोड्या अधिक. अशी तीस चित्रे दर सेकंदास पाठवावयाची तर तारेवरचा भार इतका होतो की, ते चित्र शेकडो पटींनी दाबून लहान केल्याविना पुढे जाऊच शकत नाही. या दाबण्यात प्रथम काय गळते? डोळ्यांच्या कडेची सुरकुती, ओठांची बारीक हालचाल, गालावरून सरकलेली छाया. माणसाच्या मनातले जे जे तोंडावर उमटते ते ते नेमके बारीक असते, आणि तेच आधी गळते.

उजेडाचे तेच. पेठेतील चिंचोळ्या गल्लीतले घर, एक खिडकी, तीही बोलणाऱ्याच्या पाठीमागे. कॅमेरा खिडकीचा उजेड प्रमाण मानतो आणि पुढच्या माणसाचा चेहरा कोळशासारखा करून टाकतो. उजेडच कमी असेल तर तो प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ डोळा उघडा ठेवतो; त्यामुळे चित्रांची संख्या घटते, हात हलला की त्याचा फराटा उमटतो आणि सबंध चित्रावर वाळू उधळल्यासारखी दिसते. ट्यूबलाइट निळसर, खिडकीतले ऊन पिवळे. दोन्ही एकदम पडले की रंगाचा मेळच बसत नाही. आपल्याकडील कापडाचा जाणता गिऱ्हाईक ठाण घेऊन दुकानाच्या दाराशी येतो आणि दिवसाच्या उजेडात रंग पाहतो. दुकानातला रंग खरा की दारातला, असा प्रश्न त्याला पडत नाही.

त्यात अंतराची भर. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरलेला कॅमेरा नाकाला मोठे करतो. २०१८ साली अमेरिकेतील शल्यविशारदांनी गणिताने दाखवून दिले की, पाच फुटांवरून घेतलेल्या चित्राच्या मानाने बारा इंचांवरून घेतलेल्या चित्रात नाक सुमारे तीस टक्के रुंद भासते. कोणाही प्रामाणिक माणसाने हे नाक आपले म्हणून का स्वीकारावे?

सर्वांत बोचणारी गोष्ट वर्णाची आहे. कोडॅक कंपनीच्या छायाचित्रांचे रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांतून जे नमुनापत्र वापरीत, त्यावर अनेक वर्षे एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. गोरी त्वचा बरोबर उमटली की रंग बरोबर. सावळ्या माणसाचा चेहरा त्याच चित्रात डांबराच्या गोळ्यासारखा होई. या विषयाच्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी असे नोंदविले आहे की, पुढे फिल्म सुधारली गेली त्यामागे सावळ्या माणसांच्या तक्रारींपेक्षा चॉकलेटचे आणि लाकडी सामानाचे उत्पादक यांच्या तक्रारींचे वजन अधिक होते. त्यांच्या मालाच्या छटा नीट उमटत नव्हत्या. फिल्मचे युग सरले तरी दोष पुरता सरला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू यांच्या पाहणीत चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या यंत्रणांची चूक गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत एक टक्क्याच्या आत, तर काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चौतीस टक्क्यांपर्यंत आढळली. तेव्हा सोलापूरच्या उन्हात रापलेल्या माणसाने दिवा समोर घेतला, काच पुसली, आपला चेहरा आहे तसा दिसावा म्हणून खटपट केली, तर तो दंभ करीत नाही. यंत्राने त्याच्यावर केलेला अन्याय तो थोडासा दूर करीत आहे.

येथवर मार्ग सरळ आहे. पुढे तो वळतो.

१२७१-७२ च्या सुमारास संत थॉमस अक्विनस यांनी आपल्या महाग्रंथाच्या दुसऱ्या भागात वेशभूषेविषयी एक प्रश्न घेतला आहे. तेथे ते संत ऑगस्टीन यांच्या एका पत्राचा आधार देतात: कांती अधिक लालसर अथवा अधिक गोरी भासावी म्हणून तोंडाला रंग लावणे ही बनवाबनवी होय, आणि खुद्द नवऱ्यांनाही आपली अशी फसवणूक व्हावी असे वाटत नसेल. एवढ्यावर थांबले असते तर ते रूक्ष उपदेशक ठरले असते. पण अक्विनस लगेच एक भेद करतात. जे सौंदर्य आपल्यापाशी नाही त्याचे सोंग आणणे वेगळे आणि आजारपणामुळे किंवा तशाच एखाद्या कारणामुळे आलेली विरूपता झाकणे वेगळे. हे दुसरे निषिद्ध नाही. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा भेद आजच्या पडद्यावरील किती गुंत्यांना लागू पडतो हे पाहून आम्हांस कौतुक वाटते. देवीचे व्रण, भाजल्याची खूण, औषधोपचाराने गेलेले केस, हे झाकणाऱ्यास कोणी खोटारडा म्हणू नये.

घर झाकण्याविषयीही तेच. एका खोलीत सहा माणसे, दोरीवर वाळणारे कपडे, कोपऱ्यात मोरी. त्यातून मुलगा नोकरीची मुलाखत देतो आणि पाठीमागचे सारे पुसट करून टाकतो. आपल्या दारिद्र्याचे प्रदर्शन मांडण्याचे बंधन कोणावरही नाही. मात्र त्याच जागी तो पुस्तकांनी भरलेल्या कपाटांचे उसने चित्र लावू लागला, तर आम्ही त्यास थांबवू. येथे पडदा ओढला जात नसून न वाचलेले ग्रंथ वाचल्याचे सांगितले जात आहे. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी साध्या संगणकावरून आपल्या विद्यार्थ्यांना देशोदेशींच्या वर्गांशी बोलते केले. ३ डिसेंबर २०२० रोजी लंडनहून त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तोही कॅमेऱ्यातूनच. आईवडिलांसह घरात बसलेले डिसले जगाने पाहिले. ते चित्र काही चित्रपटाच्या तोडीचे नव्हते. पण पुरस्काराची अर्धी रक्कम आपण अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून देणार, हे त्यांनी सांगितले तेव्हा त्यांच्या शब्दाविषयी कोणास शंका आली नाही.

आता ज्या प्रकरणामुळे आम्ही हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. पेठेतील आमच्या परिचयाच्या एका विणकर कुटुंबातील उपवर मुलीला हैदराबादेत नोकरी करणाऱ्या मुलाचे स्थळ आले. पहिली भेट पडद्यावरच व्हावयाची होती. तालीम म्हणून धाकट्या भावाने संगणक लावून पाहिला तो मुलगी काळवंडलेली आणि धूसर. भाऊ हुशार, त्याने कोठेशी एक खूण केली आणि त्यासरशी मुलीचा वर्ण दोन छटांनी उजळला, त्वचा नितळ झाली, हनुवटी किंचित निमुळती झाली. आईचे म्हणणे असे की, पूर्वी फोटो स्टुडिओवाले काचेवर पेन्सिल फिरवून हेच करीत, तेव्हा कोणाची नीती बुडाली नाही. वडिलांचे म्हणणे, उद्या लग्नाच्या मांडवात ऊन पडेल तेव्हा काय सांगावयाचे? दोघेही आमच्याकडे आले.

आम्ही दोन्ही गोष्टी वेगळ्या करावयास सांगितल्या. खुर्ची फिरवून मुलीचे तोंड खिडकीकडे करा. कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसा. तिच्यावर बहुधा बोटांचा तेलकटपणा असतो आणि निम्मी धूसरता त्यानेच जाते. चार जाड पुस्तके संगणकाखाली ठेवा, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर येईल आणि नाकपुड्यांचे दर्शन टळेल. हातभर दूर बसवा. पाठीमागचा दिवा मालवा. ट्यूबलाइटने चित्रावर पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याची मांडणी आपल्याकडील विजेप्रमाणे ५० हर्ट्‌झवर आणा. आणि एवढे करून ती खूण तेवढी काढून टाका. दिवा समोर घेतल्याने मुलगी जशी आहे तशी दिसू लागते. खुणेने दुसरीच कोणी दिसू लागते. एवढा फरक आईलाही पटला.

परंतु हे सांगून आमचे समाधान झाले नाही, कारण या प्रकरणात दोष कोठे आहे हे आम्हांस अजून नीट सापडले नव्हते. ती खूण अकारण निर्माण झालेली नाही. ज्या समाजात मुलीच्या वर्णाची चौकशी तिच्या शिक्षणाच्या आधी होते, जेथे एका प्रसिद्ध मलमाच्या नावातील गोरेपणा २०२० साली काढण्यात आला पण मलमाचा खप काही थांबला नाही, तेथे मुलीकडच्यांनी छटा उजळविली तर पापाचा मोठा वाटा पाहणाऱ्यांच्या पदरात पडतो. दबावाखाली बोललेले असत्य हे असत्यच, पण दबाव आणणारा निर्दोष सुटू नये. मुलगी इतका वेळ गप्प होती. शेवटी तिने एवढेच विचारले की, मुलाकडच्यांनी त्यांची खूण काढली आहे की नाही, हे कोणी विचारणार आहे का? त्यावर कोणापाशीच उत्तर नव्हते. (स्थळ पुढे जमले नाही, कारण पत्रिकेचे सांगण्यात आले.)

या घटनेत एक तांत्रिक बारकावा आहे आणि तो आम्हांस नीतीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो. आपण पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचे जे चित्र पाहतो, ते समोरच्यास दिसणारे चित्र नव्हे. ते आपल्याच कॅमेऱ्यातून थेट आलेले असते, पुष्कळदा आरशाप्रमाणे उलटे. तारेवरून जाताना ते दाबले गेलेले नसते. आपण स्वतःस स्वच्छ दिसत असतो आणि पलीकडे केवळ ठिगळे पोहोचलेली असतात. म्हणून आपले चित्र तपासण्याची खरी रीत एकच: पलीकडच्यास विचारणे, "मी तुम्हांला कसा दिसतो?" आणि त्याने सांगितले की स्वतःचे चित्र मिटवून टाकणे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणे मांडली त्यांत सतत स्वतःस पाहत राहणे हे एक आहे. दिवसभर कोणी आरसा घेऊन आपल्यामागे फिरावे तसा हा प्रकार. अशा माणसाचे समोरच्याच्या दुःखाकडे लक्ष कसे जावे?

लक्षाचा विषय निघाला म्हणून सांगतो. कॅमेरा पडद्याच्या वर असतो आणि समोरच्याचे डोळे पडद्याच्या मध्ये. त्यामुळे आपण त्याच्या डोळ्यांत पाहिले की त्यास आपली नजर खाली झुकलेली दिसते, आणि त्यास नजर मिळाल्याचा भास व्हावा तर आपण त्याच्याकडे न पाहता काचेच्या ठिपक्याकडे पाहावे लागते. या यंत्राने माणसांना घातलेला हा मोठा विचित्र पेच आहे. त्यावर उपाय म्हणून ॲपल कंपनीने २०२० साली आणि एनव्हिडिया कंपनीने २०२३ साली डोळ्यांची बुबुळे चित्रातल्या चित्रात फिरविणारी सोय आणली. झुकलेली नजर सरळ करणे एवढेच तिचे काम असेल तर आम्ही ते क्षम्य मानू. पण तिच्या आश्रयाने माणूस टेबलावरचा कागद वाचीत राहतो आणि पलीकडे रडणाऱ्या बहिणीस वाटते, भाऊ माझ्याकडे पाहतो आहे. वर्ण उजळविणारी खूण आम्हांस याहून पुष्कळ निरुपद्रवी वाटते. तिने कातडीविषयी खोटे सांगितले, हिने मनाविषयी सांगितले.

न्यायालयांस या प्रश्नाला आपल्या आधी तोंड द्यावे लागले. मुंबईतील एका फौजदारी खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरांची साक्ष हवी होती आणि ते भारतात येण्यास तयार नव्हते. पुरावा आरोपीच्या समक्ष नोंदविला पाहिजे, असे तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहिता सांगे. मग पडद्यावरची साक्ष समक्ष कशी? महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणी १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, समक्ष असणे म्हणजे देहाने एका खोलीत असणेच नव्हे. साक्षीदार पडद्यावर दिसतो, ऐकू येतो, त्यास प्रश्न विचारता येतात. किंबहुना गर्दीच्या दालनात आरोपीच्या पिंजऱ्यातून जेवढा दिसला असता त्याहून तो नीट दिसू शकेल. या निर्णयाचा सारा भार चित्राच्या स्वच्छतेवर आहे, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच. साक्षीदाराचा आवंढा गिळणे, उत्तराआधीची चलबिचल ज्या चित्रात विरून जाते, तेथे ही समक्षता कागदावरच राहते. पुढे ९ ऑक्टोबर २०१७ रोजी संथिनी विरुद्ध विजया वेंकटेश या प्रकरणी त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरविले की, पतिपत्नीच्या तंट्यात समेटाचा प्रयत्न फसल्यावर, आणि दोघांची संमती असेल तरच, अशी सुनावणी घेता येईल. नाते सांधावयाचे असेल तर माणसे एका खोलीत हवीत, हा त्यामागील विचार आमच्या अनुभवाशी जुळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने पडद्यावरील कामकाजास अधिकच वाव दिला आहे. तेव्हा गरीब पक्षकाराचा कॅमेरा निकृष्ट आणि श्रीमंताचा उत्कृष्ट, ही विषमता आता न्यायाच्या तागडीत पडणार.

चित्र उत्तम, म्हणजे माणूस विश्वासार्ह, हा भ्रमही घातक आहे. २०२४ साली एका इंग्रज अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग येथील कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपल्या वरिष्ठांना पाहून वीस कोटी हाँगकाँग डॉलर इतरत्र वळते केले. पडद्यावरील ती सारी माणसे यंत्राने रचलेली होती. त्याच वर्षी लुधियानाचे वस्त्रोद्योगपती एस. पी. ओसवाल यांना ठकांनी पडद्यावर सर्वोच्च न्यायालयाचा देखावा दाखवून सात कोटी रुपयांस लुबाडले. गणवेश चोख, मागची भिंत चोख.

उलट मळक्या चित्राआडही माणसे लपतात. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई पुण्याच्या मुलीशी रोज रात्री बोलतात. फोन अशा कोनात धरतात की मुलीला कपाळ आणि छताचा पंखा एवढेच दिसावे. "मी बरी आहे," हे वाक्य त्या पिवळ्या बल्बच्या उजेडात सहज खपून जाई. डॉक्टर मंडळी आम्हांस सांगतात की, त्या उजेडात कावीळ लपते आणि पांढुरकेपणाही लपतो. पडद्यावर रोगी दाखवावयाचा तर दिवसा, दाराशी बसवावा. गेल्या सुट्टीत नातवाने लाकडाचा एक लहानसा स्टँड करून दिला, फोनची काच पुसली, आणि आजीला सकाळच्या उजेडात दारासमोर बसविले. पहिल्याच दिवशी मुलीला आईच्या डोळ्यांखालची सूज दिसली. त्याच आठवड्यात ती सोलापुरास आली आणि आईस घेऊन रुग्णालयात गेली. आता बाई बऱ्या आहेत, पण तो स्टँड त्यांनी फडताळावर वर ठेवून दिला आहे आणि फोन पुन्हा हातात धरतात. आजाराची विरूपता झाकण्याची मुभा अक्विनस यांनी दिली आहे, हे आम्हीच एकदा प्रवचनात सांगितले होते, असे त्या आम्हांस ऐकवितात. ती मुभा लेकीपासून झाकण्यापर्यंत पोहोचते काय, यावर आमचे आणि आमच्या सहकारी धर्मगुरूंचे अद्याप एकमत झालेले नाही.